कोंग्सफ्योर्डच्या काठावर अठरा दिवस

२१ जून

वास्कोहून निघाले तेव्हा हेडलँड सड्यावर पाऊस धो धो कोसळत होता. आमची संस्था, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र, तिथेच आहे. चार दिवसांनी आज लाँगइयरब्येनच्या धावपट्टीवर एका छोट्या डॉर्नियर विमानासमोर उभी होते. आधी सामान तोललं. मग विमान उडालं आणि पंचवीस मिनिटं खिडकीतून हिमनद्यांशिवाय काही दिसलं नाही. डोंगर, बर्फ, पुन्हा डोंगर. अचानक निळंकरडं पाणी आलं, पाण्याकाठी रंगीत लाकडी घरांचा पुंजका आला. हेच न्यू-ओलेसुंद. ७८ अंश ५५ मिनिटं उत्तर. इथून उत्तर ध्रुव साधारण १२०० किलोमीटर.

नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातलं हे गाव एकेकाळी कोळशाच्या खाणीचं होतं. ५ नोव्हेंबर १९६२ला खाणीत स्फोट झाला, २१ माणसं गेली, आणि पुढच्या वर्षी खाण कायमची बंद झाली. आता इथे दहाएक देशांची संशोधन केंद्रं आहेत. आपलं ‘हिमाद्री’ त्यातलंच एक, १ जुलै २००८ला सुरू झालेलं. दुमजली घर, आठ माणसांची सोय. दारावरची ती देवनागरी पाटी दिसली आणि मला भरून आलं.

बाहेरच्या खोलीत बूट काढायचे, मग आत. ही रीत सगळ्या गावात आहे. खाणकामगारांच्या बुटांची कोळशाची धूळ घरात येऊ नये म्हणून पडलेली. आमच्या आधीच्या तुकडीतला एकजण उद्या परत निघतोय. त्याने मला खोली दाखवली, गरम पाण्याचा नळ दाखवला, आणि शेवटी दारामागची एक बांबूची काठी हातात दिली. “डोक्याच्या वर धरून चालायचं,” म्हणाला. कशासाठी ते उद्या कळेल म्हणाला.

रात्रीचे अकरा वाजलेत. ऊन खिडकीतून थेट उशीवर पडलंय. इथे एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यानंतर सूर्य मावळलेलाच नाही, आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मावळणारही नाही.

२२ जून

काठीचं कळलं. जेवणघराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, अगदी खडीतच, आर्क्टिक सुरयांची घरटी आहेत. घरटं म्हणजे नुसता खळगा. त्यात दोन अंडी, शेवाळी रंगाची, तपकिरी ठिपक्यांची. नजर जरा हलली की दगडांत हरवतात. मी दहा पावलं गेले असेन, तोच डोक्यावर कर्कश ‘किर्रर्र’ झालं आणि काठीच्या टोकावर टक्कन चोच बसली. सुरय सगळ्यात उंच वस्तूवर हल्ला करतो. काठी नसलेल्या माणसाच्या डोक्यातून रक्त काढतो.

शंभर ग्रॅमचा हा पक्षी. लालभडक चोच, काळी टोपी, दोन फाट्यांची शेपटी. आमच्या मालवणच्या वाळूच्या दांड्यांवर हिवाळ्यात सुरयांचे थवे उतरतात, लहानपणापासून पाहिलेत. हा त्यांचाच भाऊबंद, पण याचा हिवाळा दक्षिण ध्रुवाकडे जातो. इथे अंडी घालायची, पिल्लं उडती करायची, मग अंटार्क्टिकाच्या समुद्रापर्यंत जायचं आणि वर्षाच्या आत परत यायचं. या फेरीत तो ७० हजार किलोमीटरहून जास्त उडतो. एवढं उडून आलेल्या पक्ष्याच्या दारावरून मी जात होते. त्याचा राग मला अगदी रास्त वाटला.

दुपारी सुरक्षेचं प्रशिक्षण. अस्वलांमुळे वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर बंदूक आणि प्रकाशगोळा उडवणारं फ्लेअर पिस्तूल बरोबर हवं, आणि ते चालवता येतं हे दाखवावं लागतं. मी आयुष्यात बंदूक हातात धरली नव्हती. पहिल्या गोळीच्या धक्क्याने खांदा सुन्न झाला. प्रशिक्षक पुन्हा पुन्हा एकच घोकून घेत होता: आधी टाळायचं, मग पळवायचं, गोळी अगदी शेवटी. इथे ध्रुवीय अस्वलाला १९७३पासून संरक्षण आहे. नाइलाजाने मारावं लागलं तरी गव्हर्नरच्या कचेरीकडून रीतसर चौकशी होते.

गावातल्या दारांना कुलूप लावत नाहीत. कुणालाही, कुठल्याही क्षणी, जवळच्या घरात शिरता आलं पाहिजे.

२३ जून

आमच्या नमुन्यांच्या बाटल्यांची एक पेटी प्रवासात कुठेतरी मागे राहिली आहे. सकाळभर त्याच्याच ईमेल. शेवटी इथल्या सागरी प्रयोगशाळेतल्या लोकांनी त्यांच्या बाटल्या काढून दिल्या. कागद नाही, सही नाही, “धुऊन परत ठेवा” एवढंच.

इथे वायफाय नाही, ब्लूटूथ नाही, मोबाइल फ्लाइट मोडवर. गावाच्या कडेला नॉर्वेच्या भूमापन खात्याच्या रेडिओ दुर्बिणी आहेत. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या क्वेसारांकडून, म्हणजे दूरच्या दीर्घिकांच्या तेजस्वी केंद्रांकडून, येणारे अतिक्षीण संकेत त्या ऐकतात आणि त्यावरून पृथ्वीचं फिरणं, खंडांचं सरकणं मोजतात. आपल्या खिशातला फोन त्यांच्या कानात ओरडल्यासारखा होईल, म्हणून वीस किलोमीटरच्या परिसरात शांतता पाळायची. घरी बोलायचं तर लॅपटॉपला तार जोडून एका जागी बसायचं.

तशी बसले. आई म्हणाली, “गो, थंय काळोखच पडणा नाय म्हणजे? मगे तू निजतंस कधी?” तिला खिडकीचा जाड काळा पडदा कॅमेऱ्यात दाखवला. बाबांचा प्रश्न वेगळा. चाळीस वर्षं होडी घेऊन समुद्रात गेलेला माणूस. “पाणी निवळ असता की गढूळ? मासो कसलो गावता?”

परवा सांगते म्हटलं.

२४ जून

वारा. बोट रद्द. जेवणघरातली काळजी घेणारी गर्दी मात्र आवडली. सगळ्या देशांची माणसं तिन्ही वेळा एकाच ठिकाणी जेवतात. संध्याकाळचं जेवण पाचच्या सुमारासच, सुरुवातीला पोट ऐकत नाही. सामन मासा, उकडलेले बटाटे, पाव, आणि ते गोडसर तपकिरी चीज. माझी खोलीतली सोबतीण केरळची आहे. तिने आणलेलं लिंबाचं लोणचं आणि माझी सुक्या सुंगटांची चटणी यांवर आमच्या टेबलाची मैत्री बरीच वाढली.

२५ जून

आज बोट.

अंगात तो फुगीर नारिंगी सूट घालून चालणं म्हणजे गादी गुंडाळून चालणं. पण पाण्यात पडलं तर तेवढाच काय तो आधार. कोंग्सफ्योर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी, आत पंचवीसेक किलोमीटर जातो आणि त्याच्या टोकाशी हिमनद्या थेट समुद्रात उतरतात: क्रोनेब्रेन, कोंग्सव्हेगेन, कोंग्सब्रेन. मागे ‘तीन मुकुट’ म्हणून ओळखले जाणारे तीन डोंगर, स्वेआ, नोरा आणि डाना. पिरॅमिडसारखे, आडव्या थरांचे.

बाबांना उत्तर मिळालं. फ्योर्डच्या तोंडाशी पाणी निवळ हिरवट. जसजसं आत जावं तसं दुधाळ, मग चक्क तांबूस, आमच्या खाडीला पहिल्या पावसानंतर येतं तसं. हिमनदी खालचा खडक घासत येते आणि त्याचं पीठ वितळलेल्या पाण्याबरोबर समुद्रात सोडते. हे गोडं पाणी हलकं, म्हणून वर तरंगतं. त्याच्याखाली खारं.

मी मोजायला आलेय ते हे खालचं पाणी. सीटीडी नावाचं यंत्र तारेने खाली सोडायचं. ते उतरता उतरता तापमान, खारटपणा आणि खोली टिपत जातं. मग ठरवलेल्या खोलीवर उघड्या बाटल्या सोडायच्या, दोरीवरून पितळी वजन खाली सोडलं की ते जाऊन खटक्यावर आदळतं आणि बाटली मिटते. दोरीला हात लावून उभं राहिलं की खालून आलेला तो बारीक ‘टक’ बोटांना कळतो. हातमोजा काढूनच कळतो, आणि काढला की बोटं दोन मिनिटांत बधिर.

वर पाणी चार-साडेचार अंश. खाली जाताना ते गार होत जाईल असं वाटतं ना? झालं थोडं, आणि मग पुन्हा चढलं. साठ-सत्तर मीटरच्या खाली तीन अंशांच्या वर, आणि खारटपणा दर हजारी ३४.६५च्या वर. असं पाणी म्हणजे अटलांटिकचं. गल्फ स्ट्रीमची एक शाखा नॉर्वेच्या किनाऱ्याने वर येते आणि आम्ही आहोत त्या स्पिट्सबर्गन बेटाच्या पश्चिम अंगाने जाते. तिचं पाणी फ्योर्डमध्ये शिरतं. पूर्वीही शिरायचं. आता जास्त शिरतं, हिवाळ्यातही शिरतं. २००६च्या आधी हा फ्योर्ड हिवाळ्यात बराच आतपासून बाहेरपर्यंत गोठायचा, त्यावरून लोक स्नोस्कूटर चालवायचे. आता बर्फ धरतो तो बहुधा आतल्या कोपऱ्यातच. आपल्या केंद्राने २०१४च्या जुलैमध्ये इथे १९२ मीटर खोलीवर ‘इंडआर्क’ नावाची वेधशाळा पाण्यात उभी केली, ती याच पाण्यावर वर्षभर नजर ठेवण्यासाठी.

शेवटी प्लवकांची, म्हणजे पाण्याबरोबर वाहणाऱ्या बारीक जीवांची, जाळी ओढली. बादलीत लालसर ठिपक्यांची लगबग. एक थेंब भिंगाखाली घेतला: तांदळाच्या कणीएवढा पारदर्शक जीव, दोन लांब मिशा, आणि पोटात आरपार दिसणारा चरबीचा थेंब, काचेच्या नळीत तेल भरावं तसा. हा कॅलॅनस. इथल्या थंड पाण्याची जात मोठी आणि चरबीने गच्च. अटलांटिकच्या पाण्याबरोबर येणारी बारीक आणि कमी चरबीची. छोटे ऑक पक्षी पिल्लांना हेच भरवतात. घशातली पिशवी भरून नेलेल्या खाऊत चरबी किती, यावर त्यांचं पिल्लू उडतं की नाही ते ठरतं. मी भिंगाखालून डोळा काढायला तयार नव्हते. सोबतीण शेवटी म्हणाली, बोट निघाली आहे, धर कुठेतरी.

हिमनदीच्या भिंतीपासून आम्ही लांबच थांबलो. तिथे कुरवांचा शेकड्यांनी गलका होता. भिंतीखालून उसळणाऱ्या पाण्याबरोबर प्लवक वर फेकले जातात, त्यावर ते तुटून पडतात. एकदा कडाडलं. घराएवढा तुकडा सावकाश कलला, पडला, आणि आवाज नंतर आला. वीज चमकल्यावर गडगडाट यावा तसा.

२६ जून

दिवसभर गाळणं. एकेक लिटर पाणी कागदी गाळणीतून, गाळणीवर उरतो तो हिरवट डाग. काही लिहिण्यासारखं नाही. पण प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर एक रेनडिअर दोन तास चरत होता. स्वालबार्डचे रेनडिअर आखूड पायांचे, गोलमटोल. आत्ता हिवाळ्याची लोकर झडतेय म्हणून अंगावर चिंध्या लोंबत होत्या. या द्वीपकल्पावरचे रेनडिअर शिकारीने संपले होते. १९७८मध्ये बारा जनावरं आणून सोडली, त्यांची ही प्रजा. आता त्यांच्यापुढे नवंच संकट आहे. हिवाळ्यात बर्फाऐवजी पाऊस पडतो, तो गोठून जमिनीवर काचेसारखा थर धरतो, आणि खालचं खाणं दिसत असून मिळत नाही. मग ते समुद्रकिनारी उतरून वाहून आलेलं शेवाळ खातात. रेनडिअर शेवाळ खाताना मी पाहिलेला नाही, पण ज्यांनी पाहिला ते सांगताना आवाज खाली आणतात.

२७ जून, शनिवार

शनिवारी जेवणाला सगळे नीट कपडे घालून येतात, टेबलावर पांढरं कापड असतं. मी आईने पेटीत कोंबलेली इरकल नेसले. खाली लोकरीचा जाड पायजमा, वर साडी.

जेवणानंतर गावाबाहेरच्या, हवाई जहाज बांधायच्या लोखंडी मनोऱ्यापर्यंत गेलो, बंदूक घेऊन. ११ मे १९२६ला आमुंडसेन, एल्सवर्थ आणि नोबिले या ध्रुवप्रवाशांचं ‘नॉर्गे’ हे हवाई जहाज इथून सुटलं आणि ध्रुवावरून पार अलास्कात उतरलं. दोन वर्षांनी नोबिलेंचं ‘इटालिया’ बर्फावर कोसळलं, त्यांना शोधायला निघालेले आमुंडसेन परतलेच नाहीत. मनोरा वाऱ्यात बारीक गुणगुणतो.

२८ जून

आज जे पाहिलं ते नीट लिहायला हवं.

सकाळी पुन्हा बोट. फ्योर्डच्या मध्यात छोटी छोटी सखल बेटं आहेत. आयडर बदकं आणि बार्नेकल हंस तिथे अंडी घालतात, कारण खोकड पोहून सहसा तिथवर पोचत नाही. १५ मे ते १५ ऑगस्ट या बेटांवर उतरायला बंदी, जवळही जायचं नाही. दुसऱ्या ठिकाणचे नमुने घेत होतो तेव्हा बोटवाल्याने इंजिन हळू केलं आणि काही न बोलता दुर्बीण माझ्याकडे दिली.

बेटावर पक्षी वर उठले होते, राख उडावी तसे. त्यांच्या खाली काहीतरी पिवळट चालत होतं. पांढरं नाही, जुन्या तुपासारखं पिवळट. पांढऱ्या बर्फावर पाहायची सवय असलेल्या चित्रांपेक्षा अगदी वेगळं. हिरव्या शेवाळावर, तपकिरी दगडांत, भर उन्हात ध्रुवीय अस्वल.

जूनअखेरपर्यंत अस्वलापासून निदान ५०० मीटर लांब राहायचं असा नियम आहे. बोटवाल्याने त्याहून दुप्पट अंतर ठेवलं आणि रेडिओवरून गावाला कळवलं. आम्ही पाऊण तास पाहत राहिलो.

ते घाई करत नव्हतं. मान खाली, चार पावलं, थांबणं. घरट्यावरची मादी शेवटच्या क्षणापर्यंत बसून राहायची. अस्वलाचं नाक अगदी हातभर आलं की उडायची. मग डोकं खाली. काही सेकंद. डोकं वर, ओठांवरून जीभ. पुढचं घरटं. मागून मोठे कुरव चालत होते, सांडलेलं वेचत. मी नकळत मोजायला लागले. एकोणीस घरट्यांपर्यंत मोजली आणि थांबले. एक हंस तसाच अस्वलाच्या मागे, मान पुढे काढून, पंख पसरून धावत गेला. अस्वलाने वळूनही पाहिलं नाही.

खुब्यांची हाडं दिसत होती. हे मला सगळ्यात लागलं. अस्वलाचं खरं खाणं म्हणजे सील, आणि सील धरायला समुद्राचा बर्फ लागतो. बर्फावर विसावलेला, बर्फाच्या भोकाशी श्वास घ्यायला आलेला. बर्फ लवकर गेला की अस्वल जमिनीवर उतरतं, आणि जूनमध्ये जमिनीवर जे मिळतं ते म्हणजे अंडी. पश्चिम स्वालबार्डच्या बेटांवर अस्वलं पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर आणि वारंवार यायला लागली आहेत, असं पक्ष्यांच्या अभ्यासकांनी नोंदवलंय. एखादं बेट काही दिवसांत रिकामं होतं.

शेवटी ते पाण्यात शिरलं. नाकाचं काळं टोक आणि मागे इंग्रजी व्हीसारखी लाट, एवढंच पलीकडच्या काठाकडे सरकत गेलं.

त्यानंतर आम्ही सीटीडी खाली सोडलं. पडद्यावर तापमानाची तीच रेघ उमटली, साठ मीटरखाली पुन्हा उजवीकडे वळणारी. परवा ती रेघ मला सुंदर वाटली होती.

२९ जून

जेवणघरात फळ्यावर अस्वलाची सूचना. सगळे जास्तच सावध. घरी फोन केला, बाबांना सगळं सांगितलं. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, “बरफ ही तेची होडी. होडी गेली तर माणूस शिंपल्योच येचतलो.”

मला इतक्या वर्षांच्या अभ्यासात हे असं म्हणता आलं नव्हतं.

३० जून ते ३ जुलै

धुकं, पाऊस, गाळणी. एकदा केबल कारने झेपेलिन डोंगरावरच्या वेधशाळेत, ४७४ मीटरवर. तिथे हवेतला कार्बन डायऑक्साइड अखंड मोजतात. आसपास धुराडं नाही, म्हणून इथला आकडा साऱ्या उत्तर गोलार्धाच्या हवेचा समजायचा. उतरताना पायाखाली सॅक्सिफ्रेजची जांभळी फुलं, आणि ध्रुवीय विलो: पूर्ण वाढलेलं झाड, माझ्या करंगळीएवढं, जमिनीला चिकटून.

४ जुलै

सकाळी दार उघडलं तर समोरच्या गवतावर हंस! बेटांवर अंडी फुटली की आईबाप पिल्लांना घेऊन पोहत गावात येतात, इथलं गवत चांगलं म्हणून. चार जोड्या. पिल्लं अकरा, करड्या कापसाच्या गोळ्यांसारखी, चालता चालता बसणारी. म्हणजे सगळं गेलं नव्हतं. मी सोबतिणीला हाका मारून उठवलं आणि आम्ही दोघी मोज्यांवरच पायरीवर बसलो.

६ जुलै

आज पिल्लं आठ. दुपारी खोकड दिसलं, उन्हाळी तपकिरी कोटातलं, मांजराहून थोडं मोठं. एका घराखालच्या फटीतून निघालं, हंसांच्या कळपाला लांबून वळसा घातला, आणि मग इतक्या सरळ रेषेत धावलं की मला फक्त गलका ऐकू आला. तोंडात करडं काहीतरी घेऊन ते पुन्हा त्याच फटीत शिरलं. फटीतून बारीक चिवचिवाट आला. त्याचीही पिल्लं होती.

८ जुलै

गाळण्या उणे ८० अंशांच्या पेटीत बंद. हरवलेली बाटल्यांची पेटी कालच्या विमानाने आली. ती सागरी प्रयोगशाळेला देऊन टाकली, त्यांच्या बाटल्यांबरोबर.

सकाळी जेवणघराकडे जाताना सुरयाने काठीवर नेहमीपेक्षा जोरात टोच मारली. खाली पाहिलं. खळग्यात एक अंडं, आणि शेजारी ओलसर पिसांचं, नखाएवढ्या चोचीचं पिल्लू. दुसरा सुरय चोचीत चांदीची सळई घेऊन आला, मासा जवळजवळ पिल्लाएवढाच. तीनदा समोर धरला. तिसऱ्यांदा पिल्लाने गिळला, शेपूट बराच वेळ बाहेर होती.

दुपारच्या विमानाने नवी तुकडी आली. त्यातली एक मुलगी माझीच खोली घेणार आहे. तिला पडदा दाखवला, तार कुठे जोडायची ते दाखवलं, काठी दिली. म्हटलं, खडीच्या रस्त्याला लागलीस की उजवी कड सोड, पिवळ्या खांबापाशी घरटं आहे, आज सकाळीच एक फुटलंय, दुसरं संध्याकाळपर्यंत फुटेल.